इंटरनॅशनल घरी आणला

जुना ट्रॅक्टर एका जागी वीस-पंचवीस वर्षं उभा राहून जेवढा खराब होत नाही तेवढा तो एका दिवसात होतो, ज्या दिवशी त्याला तिथून ओढून बाहेर काढतात त्या दिवशी. हे मी आता भेटेल त्याला सांगत असतो. गॅरेजांच्या मागे, भंगारवाल्यांच्या आवारात असे कितीतरी ट्रॅक्टर बघितलेत ज्यांचं इंजिन खरं तर वाचलं असतं, पण पुढची चाकं वळवणारा टायरॉड वाकलेला, साखळी घासून रेडिएटर फाटलेला, हायड्रा क्रेनच्या बेल्टखाली बॉनेट चेपलेलं, आणि चाकाचे नट निघेनात म्हणून गॅस कटर लावून रिमच कापलेली. गंजाने यातलं काहीच केलेलं नसतं. हे सगळं घाईचं काम असतं आणि ते बघितलं की मला फार वाईट वाटतं, कारण पार्ट नवीन मिळतो हो, पण त्या काळचा पत्रा, तो जाड प्रेस केलेला पत्रा, परत मिळत नाही.

म्हणून यंदा सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवरून बंद पडलेला इंटरनॅशनल बी-275 आमच्याकडे जुन्नर तालुक्यात आणायचं ठरलं तेव्हा डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. ट्रॅक्टर चालू नाही ते नाही, ते नंतर बघू, पण आज त्याच्यात जे शाबूत आहे ते सगळं शाबूतच घरी पोचलं पाहिजे.

ज्यांना हा ट्रॅक्टर माहीत नाही त्यांना थोडं सांगतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही मूळची शिकागोची अमेरिकन कंपनी, पण बी-275 निघाला त्यांच्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातून, पन्नासच्या दशकाच्या शेवटी. आपल्याकडे 1963 साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास अशा तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मग हा ट्रॅक्टर मुंबईत कांदिवलीला बनायला लागला. 1977 मध्ये ती कंपनी महिंद्रातच विलीन झाली. 35 हॉर्सपॉवर, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, थंडीत चालू करायला हीटर प्लग, पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर, डिफरन्शियल लॉक, आणि ब्रेक डिस्कचे, त्या काळात! आज महिंद्राच्या शोरूममध्ये जो 275 डी.आय. दिसतो त्याच्या बॉनेटवरचा 275 आकडा इथून आलाय. आमच्या भागात जुनी माणसं मात्र अजून नुसतं इंटरनॅशनल म्हणतात. अमक्याचा इंटरनॅशनल होता म्हणजे त्या घराने ट्रॅक्टर फार लवकर घेतला एवढं त्यातूनच कळतं.

आणि लवकर घेणं सोपं नव्हतं. तेव्हा पैसे असले म्हणजे ट्रॅक्टर मिळाला असं नव्हतं, नंबर लावायचा आणि वाट बघायची, मागणी एवढी आणि माल एवढा कमी की 1971 साली सरकारने ट्रॅक्टरच्या विक्री आणि वाटपावर नियंत्रणाचा आदेशच काढला होता. या ट्रॅक्टरचे मालक नाना सांगतात की त्यांच्या वडलांनी भूविकास बँकेचं कर्ज काढून 1969 साली हा घेतला, जमीन तारण ठेवली, आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी त्यावरून बरेच दिवस अबोला धरला होता. ती बँक आता राहिली नाही. ट्रॅक्टर राहिला. आजूबाजूच्या कितीतरी गावांची नांगरट त्याने केली, लग्नाची वऱ्हाडं नेली, 72 च्या दुष्काळात ट्रॉलीवर टाक्या ठेवून पाणी वाहिलं. हे सगळं नाना उभ्याउभ्या सांगतात आणि सांगताना एक हात मडगार्डवर असतो.

भंगारवाले त्यांच्याकडे बऱ्याचदा येऊन गेलेले. वजनावर भाव सांगायचे. नाना द्यायचे नाहीत. मी गेलो तेव्हाही पहिल्या भेटीत सौद्याचा विषय निघाला नाही, चहा झाला, मी शेडमध्ये बसून ट्रॅक्टर बघत बसलो, आणि निघताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं की तोडणार नाही ना. मी म्हटलं नाही नाना, उभा करणार. मग ते म्हणाले गहू निघू दे, मग ये.

गव्हाचं कारण असं की शेड वस्तीच्या मागे, आणि तिथपर्यंत टेम्पो जायला वाट म्हणजे खालच्या वावरातून. उभ्या पिकातून गाडी कोण घालणार आणि ओल्या रानात तर भरलेला टेम्पो निघणारच नाही. म्हणजे गहू काढून झाल्यावर आणि वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत, एवढीच खिडकी. अशी कामं शेताच्या सवडीनेच होतात, आपल्या रविवारच्या सुट्टीप्रमाणे नाही.

मधल्या काळात मी आणि आमचे मिस्त्रीकाका जाऊन तयारी करत होतो. मिस्त्रीकाकांची हयात इंटरनॅशनल आणि मॅसी खोलण्यात गेलीय, आता हात थरथरतो पण कान आणि नजर पक्की. त्यांनी पहिली गोष्ट केली म्हणजे माझी नवीन चकचकीत स्पॅनरची पेटी बाजूला ठेवायला लावली. हा ट्रॅक्टर इंची मापाचा आहे, इंग्लंडचं डिझाइन, त्याला पाऊण इंची, नऊ सोळांशाचे पाने लागतात, एमएमचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की बोल्टचे कोपरे खातो. एकदा डोकं गोल झालं की मग छिन्नी, मग गॅस, आणि तिथून पुढे नासधूस सुरू. काकांकडे जुन्या इंची पान्यांची कापडी गुंडाळी आहे, पोराबाळांना हात लावू देत नाहीत.

सायलेन्सरवर नानांनी डालड्याचा डबा उपडा घातलेला होता. एवढी एक गोष्ट बघून काकांचा चेहरा खुलला. उभा सायलेन्सर उघडा राहिला की पावसाचं पाणी सरळ आत उतरतं, कुठल्यातरी सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व उघडा असतोच, त्यातून ते पिस्टनवर बसतं आणि लायनरला रिंगा धरतात, अशीच बहुतेक इंजिनं जाम होतात. डबा होता म्हणून आशा आहे. इंजिन तरीही जामच होतं, फॅन हाताने हलत नव्हता, पण काकांनी जोर लावू दिला नाही. म्हणाले, आपल्याला आज इंजिन फिरवायचं नाही, चाकं फिरवायचीत.

हा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही. वस्तीवर माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, कशाला एवढा खटाटोप, टोचन लावा, वरच्या गिअरला टाका, दोन झटके बसले की होतो चालू. आणि ते मनापासूनच सांगत असतात, कारण बॅटरी उतरलेला चालता ट्रॅक्टर तसाच चालू होतो, सगळ्यांनी केलेलं असतं. पण इतकी वर्षं बसलेल्या इंजिनला गिअरमध्ये टाकून ओढलं तर काय होतं? धरलेला व्हॉल्व वर राहतो आणि पुशरॉड वाकतो. चिकटलेली रिंग सुटायच्या ऐवजी तुटते आणि तिचा तुकडा लायनर वरपासून खालपर्यंत खरवडत जातो. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते ती फाटते. जे इंजिन डिझेल-ऑइलमध्ये भिजवून ठेवलं असतं तर हळूहळू सुटलं असतं ते पाच मिनिटांत खर्चाला येतं. काका कुणाशी वाद घालत नाहीत. त्यांनी गिअरचा दांडा न्यूट्रलला आणला, हाय-लोचा दांडाही मधे आणला, आणि दोन्ही दांडे सुतळीने बांधून टाकले म्हणजे कुणाचा पाय लागून गिअर पडायला नको.

न्यूट्रल आहे हे नुसत्या दांड्यावरून समजायचं नाही हेही तिथे शिकलो. जॅक लावून मागचं एक चाक उचललं, फिरवायला गेलो तर हलेना. दुसरं उचललं, तेही नाही. म्हणजे ब्रेक धरलेत. या ट्रॅक्टरचे डिस्क ब्रेक दोन्ही बाजूंना कव्हराच्या आत असतात, काकांनी बोल्ट आदल्या दिवशी तेल सोडून ठेवलेले, कव्हरं काढली, आतल्या डिस्का गंजून लायनिंगला बसल्या होत्या, लाकडी हातोडीने अलगद ठोकत ठोकत सोडवल्या. लोखंडी हातोडी वापरायची नाही म्हणाले, बीड आहे, तडकतं. मग चाक फिरलं. एका बाजूचं जमिनीवर टेकवून दुसऱ्या बाजूचं उचललेलं फिरवलं, तेही मोकळं फिरलं, तेव्हा काकांनी मान हलवली, हां, आता खरा न्यूट्रल.

गिअरबॉक्सचं सांगतो, कारण ते मी विसरणार नाही. खालचा ड्रेन प्लग सैल केला, पाटी लावली होती काळं तेल येईल म्हणून, आणि आधी आलं ते पाणी. स्वच्छ, नितळ पाणी, बराच वेळ धार चालू, मग मधेच ती धार पांढुरकी झाली, ताकासारखी दिसायला लागली, आणि मग कुठे तेल. गिअरच्या दांड्याचं रबर कधीच फाटलेलं, तिथून वर्षानुवर्षं थेंब थेंब आत गेलेला, पाणी जड म्हणून तळाला बसलेलं आणि तेल वर तरंगत राहिलेलं. वरून डिपस्टिक बघितली असती तर तेल फुल्ल दिसलं असतं. आम्ही तसाच ओढत नेला असता तर तळाच्या गिअरांनी ते सगळं पाणी घुसळून बेअरिंगांत भरलं असतं. पाणी काढून स्वस्तातलं गिअर ऑइल भरलं, घरी पोचेपर्यंत पुरेल इतकं.

तसंच मागच्या चाकांचं. नांगरटीला पकड मिळावी म्हणून मागच्या टायरांत पाणी भरायची पद्धत जुनीच आहे, दोन्ही मिळून आरामात तीनशे किलोच्या आसपास वजन वाढतं. ट्रॅक्टर स्वतः पावणेदोन टनांच्या घरातला. नाना म्हणाले भरलंय त्यात, मी स्वतः भरलं होतं. व्हॉल्व खाली आणून सुई काढली तर विटकरी रंगाचं पाणी सुटलं, शेडबाहेरच्या कडुलिंबाच्या आळ्यात सोडून दिलं. व्हॉल्वच्या आजूबाजूला रिम आतून गंजून पापुद्रे सुटलेले. टायर 12.4-28, भेगा पडलेल्या, पण नवीन ट्यूब टाकल्यावर हवा धरली. पुढचे 6.00-16 चे बदललेच. हवा भरलेलं चाक म्हणजे निम्मं काम, बसलेल्या टायरवर ओढायला गेलात की रिम जमिनीत रुतते आणि मग साखळीला ताण, ताण आला की काहीतरी तुटणार.

बॅटरी नव्हतीच, पेटी रिकामी. टाकीत तळाला डांबरासारखं झालेलं डिझेल होतं ते काढलं. सायलेन्सर, एअर क्लीनरचा वरचा टोप, पुढची जाळी असं जे जे वर आलेलं आणि नाजूक, ते सगळं खोलून गोणपाटात गुंडाळून वेगळं ठेवलं. लिफ्टचे हात वर करून तारेने बांधले, नाहीतर धक्क्याने खाली पडून घासत येतात.

कागद. हे कंटाळवाणं वाटतं पण सांगायलाच हवं. नानांकडे जुनं आरसी बुक होतं, पाकिटात, प्लास्टिकमध्ये, नंबर जुन्या पद्धतीचा, एमने सुरू होणारी तीन अक्षरं आणि आकडे, आत्तासारखं एमएच आणि जिल्ह्याचा नंबर नाही. बुकातला नंबर आणि ट्रॅक्टरवरचा नंबर जुळतो का हे सौद्याआधी बघायचं, ट्रॅक्टर घरी आणल्यावर नाही. ट्रॅक्टरवर रंग आणि ग्रीसचा थर, काकांनी रॉकेलच्या फडक्याने पुसत आणलं, मग कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि आकडे एकेक करून उमटले. जुळले. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, सौदापावती, नानांच्या आणि त्यांच्या मुलाच्या, कारण वडलांच्या नावावरून नानांच्या नावावर झालेलं होतं पण पुढे भांडण नको. रस्त्यात कुणी अडवलं की बंद ट्रॅक्टर टेम्पोत बघून पहिला प्रश्न हाच, कुणाचा आहे.

आता चढवायचा कसा, हा खरा विषय.

हायड्रा बोलवा असं सगळ्यांचं मत. पण हायड्रा त्या शेडपर्यंत पोचत नव्हता, वाटेत विहीर आणि पाइपलाइन, आणि भाडं वेगळं. जेसीबीच्या बकेटला बेल्ट बांधून उचलायचं असंही निघालं, ते मीच नको म्हटलं, लटकलेला ट्रॅक्टर फिरतो आणि बकेटवर आपटतो. मग नानांच्या मुलाने, दादाने, वाट काढली. त्यांच्या वरच्या वावराला आणि खालच्या वावराला साधारण साडेतीन फुटांचा ताल, म्हणजे उंचीचा फरक, आहे. टेम्पो खालच्या वावरात उलटा लावायचा, बांधाची कड फावड्याने सरळ तासून घ्यायची, टेम्पोचा फाळका, म्हणजे मागचं झाकण, पाडून बांधाला टेकवायचा, आणि ट्रॅक्टर वरच्या वावरातून सपाट चालत आत जाणार. जनावरं भरायला ते लोक असंच करतात. चढण नाही, म्हणजे उलटायची भीती नाही, म्हणजे ओढायला जोरही कमी. इतकी साधी गोष्ट, आणि कुठल्याही क्रेनपेक्षा सुरक्षित.

शेडपासून बांधापर्यंत दादाच्या चालत्या ट्रॅक्टरने ओढत आणला. मधे दोर किंवा साखळी नाही, लोखंडी पाइपाचं टोचन, दोन्ही टोकांना पिन. कारण मागच्याला ब्रेक नाही. दोराने ओढला आणि पुढचा थांबला तर मागचा पावणेदोन टन थांबत नाही, तो येऊन धडकतो, आणि आपलं रेडिएटर पुढे असतं. पाइपाला ती भीती नाही. स्टिअरिंगवर काका बसले, दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. शेडमधून बाहेर येताना मागच्या चाकांनी जमिनीत दोन खोल घळ्या सोडल्या होत्या, त्यातून पुढे सरकताना एक आवाज आला, चाकांखालची वाळलेली माती फुटल्याचा, आणि नाना एकदम म्हणाले, अरे हळू. सगळे थांबलेच.

बांधावर आल्यावर नानांच्या घरच्या काकूंनी थांबवलं. त्यांनी तांब्या आणला, बॉनेटला हळद-कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, नारळ नानांनी फोडला. काकू ट्रॅक्टरशी बोलल्या नाहीत, माझ्याशी बोलल्या, म्हणाल्या, भाऊ, याच्यावर आमचं घर उभं राहिलंय, नीट न्या. आणि नानांनी सगळं दिलं, जुनं ग्रीसगन, टॉपलिंक, हलरची पुली, अगदी मूळ टूलबॉक्स, फक्त स्विचची चावी दिली नाही. आमच्याकडे बैल विकला तरी दावं देत नाहीत, ते गोठ्यातच राहतं, तसंच हे. मी मागितली नाही. त्या चावीला पर्याय मिळतो बाजारात.

चढवताना दोन गोष्टी ज्या काकांनी सांगितल्या त्या लिहून ठेवतो. पहिली, टेम्पो म्हणजे स्प्रिंगांवर उभी गाडी. ट्रॅक्टरचं पुढचं चाक फाळक्यावर आलं की टेम्पोची शेपटी खाली दबते, मागची मोठी चाकं आली की अजून, चार-सहा इंच सहज, आणि तेवढ्यात फळ्या सरकतात, सगळं तिरकं होतं. म्हणून आधीच चॅसीच्या मागच्या टोकाखाली लाकडी ठोकळे रचून घट्ट टेकू दिला, टेम्पोला दबायला जागाच ठेवली नाही. ड्रायव्हरदादाही म्हणाले, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. दुसरी, पुढे ओढणारं एक आणि मागे आवरणारं एक, दोन्ही पाहिजेत. पुढे चेनपुली, तिची कडी टेम्पोच्या तळातल्या आडव्या चॅनेलला बोल्ट केलेली, बॉडीच्या पुढच्या फळ्यांना नाही, आणि पट्टा ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलच्या मधल्या भागाला, टायरॉडला अजिबात नाही. मागे ड्रॉबारला दोर आणि तो दोर दादाच्या ट्रॅक्टरला. चेनपुली कटकट करत ओढतेय, मागचा दोर तसूतसूने सैल सोडतोय, दोन्ही बाजूंना एकेक जण लाकडी गुटका चाकाच्या मागे सरकवत येतोय, वीतभर पुढे गेला की गुटका, वीतभर गेला की गुटका. ट्रॅक्टरच्या मागे सरळ रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, पोरांना तर बांधाच्या पलीकडे बसवलं. हे सांगताना काकांचा आवाज पहिल्यांदा चढला.

आत गेल्यावर किती पुढे घ्यायचा यावरही बोलणं झालं. ट्रॅक्टरचं दोन-तृतीयांशाच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असतं, ती चाकं टेम्पोच्या मागच्या ॲक्सलच्या मागे राहिली तर टेम्पोचं तोंड हलकं होतं आणि घाटात स्टिअरिंग हवेत चालल्यासारखं लागतं. म्हणून बॉनेट केबिनकडे, आणि मोठी चाकं टेम्पोच्या मागच्या चाकांच्या थोडी पुढे येतील इतका आत. मग बांधणं. पुढच्या ॲक्सलला दोन साखळ्या, मागे ॲक्सलच्या हाऊसिंगला दोन, चारही तिरक्या, फुलीसारख्या, म्हणजे कुठल्याच बाजूला सरकायला वाव नाही. स्टिअरिंगच्या रॉडला, मडगार्डला, पायऱ्यांना काहीच बांधायचं नाही. चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि ते ठोकळे टेम्पोच्या फळीला खिळ्यांनी ठोकलेले.

टायर हवेचे असतात, रस्त्यावर उसळतात, दबतात, आणि पहिल्या काही किलोमीटरांतच साखळ्या सैल पडतात. म्हणून नांदूर शिंगोट्याला हायवेला लागल्या लागल्या गाडी बाजूला घेतली, आणि खरंच, एक साखळी बोटभर सैल झालेली होती. परत आवळली. कऱ्हे घाटात मी टेम्पोच्या मागे मोटरसायकलवर होतो, नजर सारखी त्या चार साखळ्यांवर, हॉर्न मारणाऱ्यांना हात करून पुढे काढत. संगमनेरच्या बायपासला चहा घेतला, परत तपासल्या. टोलनाक्यावरचा एक मुलगा खिडकीतून वाकून बघत म्हणाला, आमच्या आजोबांकडे होता असला, आणि मागच्या गाड्या थांबलेल्या असताना दोन वाक्यं बोललाच. चंदनापुरीचा घाट चढायला ड्रायव्हरदादांनी खालचा गिअर धरला तो वर येईपर्यंत सोडला नाही. मग घारगाव, मुळेचा पूल, बोटा, आणि आळेफाटा आला तेव्हा दिवस मावळत होता. पूर्ण रस्ता असा की जे जे साठीच्या पुढचे लोक रस्त्याच्या कडेला उभे दिसले त्यातल्या बऱ्याच जणांनी मान वळवून बघितलं. तरुण पोरांना तो नुसता जुना लाल ट्रॅक्टर, पण त्या लोकांनी पुढची जाळी नसतानाही तो कुठला हे ओळखलं असणार, याची मला खात्री आहे.

घरी उतरवायला बांध नव्हता, तिथे हायड्रा घेतला. तोही सकाळी, रात्री नाही, ड्रायव्हरदादा मुक्कामी राहिले आमच्याकडे. बेल्ट मागे दोन्ही बाजूंनी ॲक्सलच्या हाऊसिंगखालून, पुढे इंजिनाच्या पुढच्या बीडाच्या ब्रॅकेटखालून, तेलाच्या चेंबरखालून नाही. आणि वर बेल्ट एकत्र येतात तिथे ते बॉनेट आणि टाकी चेपतात म्हणून मधे आडवा पाइप देऊन ते फाकवलेले. हायड्रावाला आधी कुरकुरला, मग त्यानेच खाली उतरून पाइप सरळ आहे का ते बघितलं. ट्रॅक्टर उतरला, शेडमध्ये ढकलला, मागे लाकडी ओंडक्यांवर उचलून ठेवला म्हणजे टायरांवर वजन नको.

संध्याकाळी नानांना फोन केला. त्यांनी इंजिनाचं काही विचारलं नाही. टूलबॉक्सचं झाकण निखळतं, ते पडलं का वाटेत, एवढं विचारलं. मी म्हटलं तारेने बांधलं होतं नाना, आहे.

सध्या चारही इंजेक्टर काढून सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल सोडलंय, रोज थोडं थोडं. एका सिलिंडरमधलं खाली उतरायला लागलंय, तीन अजून धरून बसलेत. काका म्हणतात पावसाळाभर भिजू दे, फॅन हाताला सुटला तर सुटला, नाहीतर पोळा झाला की हेड उतरवू. लायनर-पिस्टनचं किट मिळतं, गॅसकेट मिळतात, वॉटरपंप मिळतो, एवढे 275 या देशात चालले त्याचा हा फायदा. मिळत नाही ती बॉनेटच्या बाजूची मूळ पट्टी, नंबर लिहिलेली. उजव्या बाजूची आहे, डावी नानांनाही आठवत नाही कधी गेली. कुणाच्या शेडमध्ये, माळ्यावर, गोठ्याच्या पत्र्याला ठोकलेली अशी पट्टी असेल तर कृपया भंगारात घालू नका, मला कळवा, मी स्वतः येईन. आणि काढायची घाई करू नका, स्क्रू गंजलेले असले तर तसेच राहू द्या, मी पाने घेऊन येतो.